निळी फुलपाखरं काढ, शर्ट ठेव

पत्र : ताई, मी 19 वर्षांची आहे. गेलं वर्षभर एक कादंबरी लिहितेय, माझ्यापेक्षा थोड्या लहान मुलामुलींसाठी. नायिका 17 वर्षांची आहे. तिचा मोठा भाऊ अपघातात गेलाय आणि तो निळ्या फुलपाखरांच्या रूपात रोज रात्री तिच्या खिडकीत येतो. पुढे ती भावाच्या जिवलग मित्राच्या प्रेमात पडते आणि फुलपाखरं कमी कमी होत जातात. दोघांना वाचायला दिलं. एक जण म्हणाला, "हे खरंच घडतंय की तिच्या डोक्यात, ते शेवटी सांगून टाक, नाहीतर वाचक चिडेल." दुसरी म्हणाली, "भाऊ जाऊन वर्षही झालं नाही आणि ही प्रेमात? बरं दिसत नाही." माझ्या घरातलं कुणी गेलेलं नाही आणि मी अजून कुणाच्या प्रेमातही पडलेले नाही. मग हे सगळं लिहायचा मला हक्क आहे का? पहिली तीन प्रकरणं आणि पुढचा आराखडा जोडला आहे. दुसऱ्या प्रकरणातली शर्टाची गोष्ट माझ्या मैत्रिणीच्या घरात घडलेली आहे. मी ती वापरलीय हे तिला माहीत नाही.
— अर्धी कादंबरीवाली

प्रिय अर्धी कादंबरीवाली,

हक्काचं आधी उरकून टाकू. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी किती खून केलेले असतात? हक्क कुणी वाटत नाही आणि कुणी काढूनही घेत नाही. तुझी अडचण माहितीची आहे. तीन प्रकरणं वाचताना ते स्वच्छ दिसतं. जिथे तुला काहीतरी ठाऊक आहे तिथे लिखाण जिवंत आहे आणि जिथे नाही तिथे निळी फुलपाखरं आहेत.

दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तू जेमतेम चार ओळींत एक प्रसंग उरकला आहेस. घरातल्या कुणीतरी न विचारता भावाचा खुंटीवरचा शर्ट धुवायला टाकला. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आणि मग हे वाक्य : "तिसऱ्या दिवशी सकाळी कपाटातल्या शर्टाच्या कॉलरला पुन्हा मळ होता." पुढच्याच परिच्छेदात तू खिडकी उघडलीस, चांदणं आत घेतलंस आणि फुलपाखरं सोडलीस. शर्ट पुन्हा कुठेच आला नाही. आराखड्यातही नाही.

अगं, तुझी कादंबरी त्या शर्टात आहे!

माणूस गेल्यावर त्याचे कपडे न धुता ठेवणारी घरं पुष्कळ असतात. पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून ठेवतात आणि फारशी उघडतही नाहीत, कारण दर वेळी उघडली की थोडा वास उडून जातो. फोटोत चेहरा राहतो, फोनमध्ये आवाज राहतो, अंगाचा वास मात्र कपड्यांखेरीज कशातच साठवता येत नाही. म्हणून तो शर्ट धुतला गेल्यावर त्या आईच्या हातून एक शेवटची गोष्ट गेली. आणि तू काय केलंस? नेमकी तीच तिला परत दिलीस. मळ, घाम, कॉलरची काळी रेघ. जे गेलं त्याच मापाची जादू. फुलपाखरांचं तसं नाही. त्या घरात फुलपाखरू हवं होतं कुणाला? भाऊ हयात असताना त्याचा फुलपाखरांशी काही संबंध होता का? तू कुठे तसं लिहिलेलं नाहीस. ती छान दिसतात म्हणून आली आहेत. दुःखाच्या कादंबऱ्यांमध्ये फुलपाखरं, पिसं आणि पहिला पाऊस यांची आधीच इतकी गर्दी आहे की तुझी त्यात कुणाला दिसायचीही नाहीत.

आता पहिल्या वाचकाचा प्रश्न. खरं की डोक्यात?

तू लिहितेस तसल्या, रोजच्या जगण्यात जादू मिसळणाऱ्या लिखाणाला 'मॅजिक रिअ‍ॅलिझम' म्हणतात. ही संज्ञा आधी साहित्यात आली नाही, चित्रकलेत आली. जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांनी 1925 मध्ये ती वापरली, आणि ज्या चित्रांसाठी वापरली त्यांत पऱ्या किंवा राक्षस नव्हते. साध्या, रोजच्या वस्तू होत्या, पण इतक्या रेखीव आणि लख्ख की बघणाऱ्याला त्या अनोळखी वाटाव्यात. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या कादंबरीकारांनी हा प्रकार जगभर पोहोचवला. त्यांच्यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण तुझ्या कामाचं आहे, म्हणून सांगते. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या 1967 च्या कादंबरीत रेमेदियोस नावाची सुंदर मुलगी सदेह आकाशात निघून जाते. मार्केस यांनी नंतर सांगितलं होतं की तिला वर पाठवायचं कसं, हे त्यांना काही केल्या जमत नव्हतं. मग वाऱ्यात चादरी वाळत घालायची धडपड करणारी एक बाई त्यांना दिसली आणि सुटका झाली. कादंबरीत रेमेदियोस चादरींसकट वर जाते. त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. घरातली दुसरी बाई, फर्नांदा, नंतर कितीतरी दिवस देवाकडे मागणं मागत राहते, की माझ्या चादरी तेवढ्या परत पाठव.

हे खरंच घडलं का, याचा खुलासा कादंबरी करत बसत नाही. चादरी गेल्याचा राग तेवढा खरा. तुझ्या वाचकाला हेच उत्तर आहे. खुलासा करू नकोस. शेवटी 'ती आजारी होती', 'ते स्वप्न होतं', 'तीच रात्री झोपेत शर्ट मळवत होती' असलं काही लिहिलंस तर अडीचशे पानं विश्वास ठेवणाऱ्या पोराला तू तोंडावर पाडशील. वाचक चिडेल तो तेव्हा. जादूला कारण द्यावं लागत नाही, पण तिच्याशी माणसं कशी वागतात हे मात्र तुला पक्कं माहीत हवं. शर्ट मळतोय हे आईला दिसतं. ती सकाळी उठून निमूट धुते, पिळते, वाळत घालते. वडिलांना दिसतं का? दिसत असेल तर ते दोरीवरच्या त्या शर्टाला वळसा घालून कसे जातात? नायिका त्याबद्दल आईशी बोलते की दोघी एकमेकींना माहीत नसल्यासारखं करतात? या उत्तरांवर प्रकरणंच्या प्रकरणं उभी राहतील.

'डोक्यात' या शब्दावर आणखी थोडं, कारण तुझा वाचक तो 'खोटं' या अर्थाने वापरतोय. वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी 1971 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. जोडीदार गमावलेल्या 293 स्त्री-पुरुषांना ते भेटले होते. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं की गेलेला माणूस जवळपास असल्याचं जाणवतं. काहींना तो दिसला होता, काहींना ऐकू आला होता. ही माणसं वेडी नव्हती, बऱ्याच जणांना त्या अनुभवाने बरंच वाटत होतं. आणि बहुतेकांनी त्याआधी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मला या अभ्यासातलं हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुझ्या नायिकेकडेही सांगता न येणारी एक गोष्ट आहे. ती पहिल्यांदा कुणाला सांगते, तिथून तुझी प्रेमकथा सुरू होऊ शकते.

जादूला मर्यादाही हवी, आणि शर्टात ती आयती आहे. रोज धुतलेलं कापड किती दिवस टिकतं? आधी रंग विटतो. मग कॉलरची घडी विरते, आतलं पांढरं अस्तर दिसायला लागतं. काजं सैल होतात, एखादं बटण बादलीच्या तळाशी सापडतं. आईला मळ हवा असतो, पण मळलेला शर्ट धुतल्याशिवाय तिला राहवत नाही, आणि प्रत्येक धुण्याबरोबर तो संपत चाललेला असतो. एके दिवशी ती धुणं थांबवेल का? की मुलगी थांबवेल? तुझ्या आराखड्यात फुलपाखरं 'कमी कमी होत जातात', कारण कादंबरी संपवायची आहे म्हणून. शर्ट विरतो तो कापूस असतो म्हणून. शेवट कसा करायचा हे मी सांगणार नाही, पण तुला तो शोधायला लांब जावं लागणार नाही.

आता प्रेम. आराखड्यातलं सातवं प्रकरण : तो तिचा हात धरतो आणि त्या रात्री पहिल्यांदाच एकही फुलपाखरू येत नाही. इथे मी पेन्सिलने मोठी फुली मारली आहे. याचा अर्थ काय होतो बघ. एक मुलगा आला, म्हणून दुसऱ्याने जागा रिकामी केली. प्रेम हे दुःखावरचं औषध, डोस पूर्ण झाला की पेशंट बरा. या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या बऱ्याच कादंबऱ्या इथेच घसरतात, आणि ज्या पोरीचा भाऊ खरंच गेलाय ती तिथेच पुस्तक मिटते.

खरं काय होतं? मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी 1999 मध्ये शोकाची एक मांडणी केली. माणूस सरळ रेषेत बरा होत जात नाही, तो ये-जा करतो असं त्यांचं म्हणणं. कधी गेलेल्याकडे तोंड करून बसतो, कधी पाठ फिरवून जगण्याची कामं करतो, नवी नाती जोडतो, आणि पुन्हा मागे येतो. दोन्ही लागतं. ज्या दिवशी तुझी नायिका सकाळी रडली त्याच दिवशी संध्याकाळी तिला त्याच्या मेसेजची वाट बघावीशी वाटणं यात विसंगती काही नाही. म्हणून त्या सातव्या प्रकरणात मला वेगळं काही बघायला आवडेल. त्याने हात धरला त्या दिवशी शर्ट नेहमीसारखाच मळला होता. फक्त तिने कपाट उघडलंच नाही. विसरली. रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम आठवलं की आज आपण बघितलं नाही. त्या क्षणी तिला जे वाटेल ते लिही. आनंद आणि चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी, दोन्ही एकाच वेळी. हे लिहायला कुणाच्या प्रेमात पडलेलं असावं लागत नाही. आपण एखाद्या गोष्टीत रमलो आणि घरातल्या माणसाला विसरलो, हे तू नक्की अनुभवलेलं आहेस.

तुझी दुसरी वाचक म्हणते, बरं दिसत नाही. उत्तम. हे वाक्य उचल आणि कादंबरीतल्या एखाद्या शेजारणीच्या तोंडी घाल. लोक हेच म्हणणार आहेत. नायिकेने ते ऐकायला हवं आणि तिचा अर्धा जीव त्या शेजारणीच्या बाजूने असायला हवा.

तो मुलगा मात्र अजून उभा राहिलेला नाही. तो फक्त डोळे, केस आणि समजूतदारपणा आहे. त्याचा जिवलग मित्र गेलाय, हे लिहिताना तू विसरलीस! घरच्यांना भेटायला माणसं येतात, मित्राला कोण भेटायला येतं? तो दुसऱ्या दिवशी वर्गात बसलेला असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं, ज्याला समाज दुःख म्हणून मोजतच नाही अशा दुःखावर. बहिणीची तऱ्हाही फार वेगळी नसते. तिला भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "आई कशी आहे? बाबा कसे आहेत? तू सांभाळ हं त्यांना." ती कशी आहे हे कुणी विचारत नाही. असे दोघे एकमेकांना भेटले तर काय बोलतील? मला वाटतं, आधी गेलेल्याची उणीदुणी काढतील. तुझ्या तीन प्रकरणांत भाऊ संत आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलायची घरात सोय नसते. पण मित्राला माहीत असतं की तो थापा मारायचा, उसने पैसे बुडवायचा, परीक्षेत कुणाचं तरी बघून लिहायचा. ती ऐकते, हसते, आणि भाऊ पहिल्यांदा खराखुरा तिच्यासमोर येतो. प्रेम अशा बैठकांमधून वाढू दे. मग तिला शंका येऊ दे की मला हा आवडतो की याच्याजवळ माझा भाऊ थोडा शिल्लक आहे म्हणून मी येते. उत्तर देऊ नकोस. 17 व्या वर्षी ते तिला कळणारही नाही. जाता जाता एक विचार डोक्यात आला तो टाकून ठेवते, घ्यायचा तर घे. मुलं एकमेकांचे शर्ट सर्रास घालतात. तो शर्ट मुळात कुणाचा होता?

तिसऱ्या प्रकरणाबद्दल थोडक्यात. नायिका आधी मानत नाही, मग चिडते, मग देवाशी सौदा करते, मग खचते. ओळीने. तू कुठेतरी दुःखाच्या पाच पायऱ्या वाचल्या आहेस आणि तिला त्या चढायला लावल्या आहेस. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, पण त्यांचं काम असाध्य आजाराने मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून झालेलं होतं. मागे राहिलेल्यांचं वेळापत्रक म्हणून त्या मांडलेल्या नव्हत्या. हे प्रकरण पूर्ण काढलंस तरी चालेल. त्यात पान 41 वर ती "काळ हेच औषध असतं हे मला तेव्हा उमगलं" असं म्हणते. ही 17 वर्षांची मुलगी नव्हे, कुणाची तरी निवृत्त मावशी बोलतेय.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. आराखड्याच्या अकराव्या प्रकरणात फुलपाखरं तिला गच्चीच्या कठड्यापर्यंत नेतात आणि भावाचा आवाज "ये" म्हणतो. तू ते फार सुंदर लिहायचं ठरवलेलं दिसतंस. नको. तुझे वाचक चौदा-पंधरा वर्षांचे असतील आणि त्यांतला एखादा खरोखर तसल्या कठड्याजवळ उभा असू शकतो. मरण म्हणजे आवडत्या माणसाची भेट, हे चित्र त्याच्या हातात देऊ नकोस. नायिकेला जगणं नकोसं वाटणं खरं आहे, ते जरूर येऊ दे. पण ते तिला कुणापाशी तरी बोलू दे आणि ऐकणाऱ्याने ते हसण्यावारी न नेता तिला मदतीपर्यंत पोहोचवू दे. शर्टाची जादू बघ, ती कुणालाच पलीकडे बोलावत नाही. उलट रोज सकाळी कामाला लावते.

राहिली मैत्रीण. पत्रात तू हे सगळ्यांत शेवटी आणि एका वाक्यात सांगितलंस, त्यावरून ते तुला टोचतंय हे दिसतंच. आई दोन दिवस बोलली नाही, हे तिने तुला मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. तू कादंबरी लिहितेस हे तेव्हा तिला ठाऊक होतं का? कादंबरी छापायला गेल्यावर विचारू, असं करू नकोस. पुढचं प्रकरण लिहायला घेण्याआधी तिला भेट. मेसेज नको, समोरासमोर. ती पानं बरोबर ने आणि तिला स्वतःला वाचू दे, तू वाचून दाखवू नकोस. ती वाचत असताना तिच्या तोंडाकडे टक लावून बसू नकोस. शर्ट धुतल्यानंतरचं जे तू रचलंस, ते तिला कदाचित आवडेल. कदाचित फार लागेलही, कारण तिच्या घरातला शर्ट पुन्हा मळला नाही.

ती नाही म्हणाली तर शर्ट काढायचा. रंग बदलून, शर्टाऐवजी स्वेटर करून ठेवायचा नाही. मग जड जाईल, पण रीत तुझ्या हाती आलेली आहे. त्या घरातून नेमकं काय गेलं ते आधी शोध आणि तेवढंच परत आण. ती हो म्हणाली आणि आणखी सांगायला लागली तर ऐकून घे, पण वही काढू नकोस. त्यातलं काय वापरायचं ते तिला पुन्हा विचारावं लागेल.

कादंबरी पूर्ण व्हायला वेळ लागेल, ती सावकाश पाठव. मैत्रीण काय म्हणाली ते मात्र आधी कळव.

तुझी,
ताई